विचारले जाण्याचा हक्क

7 मार्च 2022 रोजी मुंबई महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्त हेच प्रशासक झाले. पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे येथेही त्याच महिन्यात तेच घडले. नवी मुंबई, कोल्हापूर, कल्याण-डोंबिवली, छत्रपती संभाजीनगर ही शहरे तर 2020 पासूनच नगरसेवकांविना चालली होती. ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेला, मधल्या काळात राज्यातले सरकार बदलले, एका सरकारने केलेला कायदा दुसऱ्याने फिरवला. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला, त्यालाही पुढे मुदतवाढ घ्यावी लागली, आणि 29 महापालिकांसाठी अखेर मतदान झाले ते 15 जानेवारी 2026 रोजी. या सगळ्या काळात शहरे बंद पडली नाहीत. नळाला पाणी येत होते, कचरा उचलला जात होता, मालमत्ता कराची बिले घरी पोचत होती. मुंबईचा 2025-26 चा 74,427 कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एका सनदी अधिकाऱ्याने मांडला आणि प्रशासक या नात्याने त्यानेच तो मंजूर केला. नगरसेवक नाहीत म्हणून रस्त्यावर मोठा उद्रेक झाला नाही. बऱ्याच सुशिक्षित घरांत तर हायसे वाटल्याची भाषा ऐकू येत होती: नगरसेवक नाहीत तेच बरे, निदान कामे होतात.

ही भाषा झटकून टाकण्यासारखी नाही, कारण तिच्यामागे एक जुना आणि गंभीर प्रश्न उभा आहे. कारभार बरा चालला असेल, तर आपल्याला विचारले गेले नाही याचे नागरिकाने वाईट वाटून घ्यावे का? विचारले जाणे हे चांगल्या कारभाराचे केवळ एक साधन असेल, तर त्याहून सोयीचे साधन सापडताच ते सोडून द्यायला हरकत नसावी. विचारले जाणे हा माणसाचा स्वतंत्र हक्क असेल, तर मात्र उत्तम कारभारानेही त्याची भरपाई होत नाही. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. नगरपालिकेतील लोकशाहीचे समर्थन आपण बहुतेक वेळा पहिल्या वाटेने करतो, म्हणून ती इतक्या सहज हातची जाते, असेही मला वाटते.

पहिली वाट किती कच्ची आहे हे मुंबईच्याच इतिहासात दिसते. 1865 च्या कायद्याने या शहराला पहिला म्युनिसिपल कमिशनर मिळाला, आर्थर क्रॉफर्ड. त्याच्यावर देखरेख होती ती सरकारने नेमलेल्या ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींची, आणि ती नावापुरती. क्रॉफर्ड कर्तबगार होता, याबद्दल त्याच्या शत्रूंनाही शंका नव्हती. कापसाच्या तेजीत बेसुमार फुगलेल्या, गटारे तुंबलेल्या, पटकीने हैराण झालेल्या शहरात त्याने रस्ते रुंद केले, कत्तलखाना वांद्र्याला हलवला, कचऱ्याची आणि मैल्याची व्यवस्था लावली, 1869 साली त्याच्या नावाची प्रचंड मंडई उभी केली. पण पैसा त्याने हिशेब न ठेवता ओतला. तेजी ओसरली, पालिकेची तिजोरी रिकामी झाली, करांचा बोजा वाढला आणि 1871 साली करदाते खवळून उठले. क्रॉफर्डचे अधिकार काढून घ्या, एकाच्या हाती सत्ता नको, कारभार समितीकडे द्या, असा सूर सगळीकडे होता. त्या वेळी सव्विशीतल्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत नेमकी उलटी बाजू मांडली आणि श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. कारभार एका जबाबदार अधिकाऱ्याच्याच हाती हवा, असे त्यांचे म्हणणे होते. दोष त्या अधिकाऱ्यात नाही, त्याला जाब विचारणारे मंडळ करदात्यांनी निवडलेले नाही, यात आहे. 1872 च्या कायद्याने 64 जणांची कॉर्पोरेशन आली आणि तिच्यातील निम्मे सभासद करदाते निवडू लागले. पुढे 1888 चा कायदा झाला, त्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांचा हात होता. मुंबई आजही त्याच कायद्यावर चालते.

मेहतांनी क्रॉफर्डवर अकार्यक्षमतेचा आरोप केला असता, तर उद्या त्याहून कार्यक्षम कमिशनर आणून त्यांचे तोंड बंद करता आले असते. त्यांनी तसे केले नाही. अधिकारी चांगला आहे हे मान्य करूनही तो कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न उरतो, असे ते म्हणाले, आणि त्यामुळे त्यांचा मुद्दा क्रॉफर्डच्या गुणदोषांवर टांगलेला राहिला नाही. आपल्या काळातही क्रॉफर्डसारखे लोक आहेत. 1994 च्या प्लेगनंतर सुरत शहर स्वच्छ करणारे आयुक्त एस. आर. राव यांचे नाव देशभर झाले ते योग्यच. अशा अधिकाऱ्याच्या कर्तृत्वाशी नगरसेवकांच्या सरासरी कर्तृत्वाची तुलना केली तर नगरसेवक हरणार, आणि लोकशाहीचा दावा त्या तुलनेवर उभा असेल तर तीही हरणार. जॉन स्टुअर्ट मिलने 1861 मध्ये हा पेच ओळखला होता. सर्व पाहणारा, सर्व जाणणारा, सज्जन हुकूमशहा मिळाला तरी त्याच्या राज्यातील माणसे कशी होतील, असे त्याने विचारले. स्वतःच्या गावाबद्दल विचार करायचे कारणच उरले नाही, तर माणूस विचार करायचे सोडतो. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने 18 मे 1882 च्या ठरावातही स्थानिक स्वराज्याचे समर्थन कारभार सुधारेल म्हणून केले नव्हते. राजकीय शिक्षण हा त्याचा प्रमुख हेतू असल्याचे सांगितले होते. मिल आणि रिपन यांचे म्हणणे खरे आहे, पण तेही अपुरे वाटते. शिक्षण म्हटले की शिकवणारा वर बसतो आणि कधी ना कधी प्रगतिपुस्तकही भरतो. नागरिकाचा हक्क अशा परीक्षेवर ठेवता येणार नाही.

तो हक्क कशावर उभा आहे, हे सांगण्यासाठी पालिकेच्या सत्तेचे स्वरूप नीट पाहावे लागते. दिल्लीचे परराष्ट्र धोरण बहुतेकांच्या दिवसभराला स्पर्श करत नाही. पालिका मात्र सकाळी पाणी किती वाजता येईल हे ठरवते, घरामागची गटार उघडी राहील की बंद हे ठरवते, मुलाला चालत जाता येईल अशी शाळा असेल की नाही, आई आजारी पडली तर दवाखान्याचे दार कुठे, माणूस गेला तर त्याला कुठे न्यायचे, हेही ठरवते. तिची सत्ता शरीराला आणि घराला भिडलेली आहे. माणसाच्या इतक्या जवळच्या गोष्टींत जो हुकूम चालवतो, त्याने त्या माणसाला कारणे द्यायला हवीत, आणि कारणे पटली नाहीत तर नाही म्हणण्याची जागा ठेवायला हवी. लहान मुलासाठी आपण निर्णय घेतो आणि ते त्याच्या भल्याचे असले की पुरेसे मानतो, कारण त्याची समज अजून वाढायची असते. सज्ञान माणसाशी तसेच वागलो, तर ते भल्याचे असूनही अपमानाचे होते. त्याला समज आहे हे आपण नाकारलेले असते. रस्ता चांगला झाला म्हणून हा अपमान मिटत नाही. रस्ता आणि मान ही दोन वेगळी देणी आहेत, एकाची थकबाकी दुसऱ्यातून वळती करता येत नाही.

सभागृहाचे खरे काम मतदानाआधीच सुरू होते. तिथे प्रस्ताव मांडणारा एक आणि त्याला का म्हणून विचारणारा दुसरा असतो. पुण्यात 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून नगरपालिकेने स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचे ठरवले, तेव्हा एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध नोंदवला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लागावा, असे त्यांचे म्हणणे होते. ते सरकारनियुक्त सभासद होते, त्यांच्या मागे मतदार नव्हते, आणि त्यांचे म्हणणे फेटाळलेही गेले. तरीही ती नोंद झाली, म्हणून स्वागताच्या हजार रुपयांसमोर शाळेत न गेलेली मुले पुण्याला एकदा तरी दिसली. (मुंबईतील क्रॉफर्डच्या मंडईला आणि पुण्यातील मंडईला आज जोतीरावांचेच नाव आहे, पुण्यातील मंडईवरच्या खर्चालाही त्यांनी विरोध केला होता.) प्रशासकाच्या राजवटीत नेमकी हीच जागा नाहीशी होते. आयुक्त म्हणून प्रस्ताव पाठवायचा, प्रशासक म्हणून तो मंजूर करायचा. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी तो स्वतःविरुद्ध मत नोंदवू शकत नाही. 2023 च्या सुरुवातीला मुंबईत सुमारे 400 किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाची सुमारे सहा हजार कोटी रुपयांची कंत्राटे दिली गेली. ती योग्य होती की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. इतक्या मोठ्या खर्चाबद्दल पालिकेच्या सभागृहात कोणी एक प्रश्नही विचारू शकले नाही, कारण सभागृहच नव्हते, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

विचारण्यात शहाणपणही आहे, आणि ते अधिकाऱ्यांच्या अज्ञानामुळे आहे असे नाही. ॲरिस्टॉटलने म्हटले होते की घर कसे आहे हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणारा अधिक चांगले सांगतो, आणि जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा जेवणाऱ्याला असते. मुंबईच्या विकास आराखड्याने ही गोष्ट 2015 साली पटवून दिली. पुढच्या वीस वर्षांसाठी तयार केलेला मसुदा फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ सल्लागार होते, उपग्रहाची चित्रे होती, वर्षानुवर्षांचे सर्वेक्षण होते. लोकांनी आपापल्या गल्लीचा नकाशा उघडला आणि काय दिसले? उभ्या इमारतींतून रस्ते काढलेले, वारसा म्हणून जपायच्या वास्तू नकाशावरून गायब, प्रार्थनास्थळे भलत्याच नावाने दाखवलेली. हरकती-सूचनांचे गठ्ठे हजारोंनी आले. ख्रिस्ती गावठाणांतून आले, कोळीवाड्यांतून आले, गृहनिर्माण संस्थांतून आले, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा मागे घेऊन नव्याने करायला सांगावे लागले. चुका शोधणारे लोक नगररचनाकार नव्हते. ज्या भिंतीतून रस्ता जाणार होता तिच्या आत ते राहत होते, एवढीच त्यांची पात्रता होती आणि ती पुरेशी ठरली. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर तर 2013 मध्ये 80 हजारांहून अधिक हरकती आल्या. तिथे शेवट वेगळा झाला: 2015 मध्ये राज्य सरकारने आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला. शहराच्या पुढच्या वीस वर्षांचा कागद शहराने निवडलेल्या सभागृहाला पूर्ण करता आला नाही, आणि त्या सभागृहाच्या दिरंगाईलाही त्यासाठी दोष द्यावा लागेल.

इथे पहिला आणि सर्वांत लोकप्रिय आक्षेप येतो. नगरसेवक भ्रष्ट असतात. स्थायी समिती म्हणजे टक्केवारीचा बाजार. निवडून आलेला माणूस पहिल्यांदा निवडणुकीचा खर्च वसूल करतो. यात खोटे फारसे नाही, आणि स्थानिक लोकशाहीच्या बाजूने लिहिणाऱ्याने हे झाकू नये. पण आक्षेपाचा निष्कर्ष त्याच्या पुराव्यातून निघत नाही. टक्केवारी घ्यायला निविदा लागते, निविदेला अंदाजपत्रक लागते, अंदाजपत्रकाला अभियंत्याची सही लागते, बिल काढायला लेखा विभाग लागतो. या साखळीतली लोकांना दिसणारी एकच कडी काढून टाकली तर उरलेल्या कड्या शुद्ध होत नाहीत. त्या फक्त दिसेनाशा होतात. क्रॉफर्डचीच पुढची गोष्ट पाहा. 1888 साली तो पुण्यात मध्य विभागाचा महसूल आयुक्त होता आणि नेमणुका-बदल्यांसाठी मामलेदारांकडून पैसे घेतल्याचा आरोप त्याच्यावर झाला. चौकशी आयोगाने लाचेच्या आरोपांतून त्याला सोडले, पण हाताखालच्या मुलखात कर्जे काढल्याबद्दल सरकारने त्याला नोकरीतून काढले. तिथे नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती, निवडणुकीचा खर्च नव्हता. नगरसेवकाला पाच वर्षांनी त्याच्याच गल्लीत हात जोडून यावे लागते. बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याकडे जाब मागायला त्या गल्लीने कुठे जायचे?

याहून कठीण आक्षेप दुसरा आहे, आणि तो डॉ. आंबेडकरांचा आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी खेड्याच्या स्वयंशासनाच्या गुणगानावर जो प्रहार केला, तो आजही स्थानिक स्वराज्याच्या प्रत्येक समर्थकाने आधी पचवला पाहिजे. स्थानिक याचा अर्थ अनेकदा स्थानिक बहुसंख्य, आणि स्थानिक बहुसंख्य म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माज केलेली जात. त्यामागे महाडचा अनुभव होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर बोल्यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला, त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. 20 मार्च 1927 रोजी अस्पृश्यांनी तो ठराव खरा मानून पाणी घेतले. त्यानंतर दंगा झाला, माणसे झोडपली गेली, तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले गेले, आणि 4 ऑगस्ट 1927 रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. लोकांनी निवडलेल्या मंडळाने, रीतसर सभा भरवून, बहुमताने. तळ्याचा निकाल शेवटी लागला तो उच्च न्यायालयात, मार्च 1937 मध्ये. महाडच्या मतदारांच्या हाती तो प्रश्न राहिला असता तर किती वर्षे लागली असती, कोणी सांगावे.

म्हणून स्थानिक लोकांना विचारा म्हणजे त्यांना वाटेल ते करू द्या, असा अर्थ मी कधीच लावणार नाही. काही गोष्टी मताला टाकायच्याच नसतात. पाणवठा कोणाला, शाळा कोणाला, अमुक धर्माच्या माणसाला वस्तीत घर द्यायचे की नाही, हे प्रश्न घटनेने सोडवलेले आहेत आणि कोणत्याही सभागृहाला, मोहल्ल्याला किंवा गृहनिर्माण संस्थेच्या बैठकीला ते पुन्हा उघडण्याचा अधिकार नाही. विचारले जाण्याचा हक्क ज्या पायावर उभा आहे, म्हणजे प्रत्येक सज्ञान माणसाचा मान, तोच पाया बहुमताला मर्यादाही घालतो. एकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याचा काढून घेता येत नाही. आंबेडकरांनी महाडवरून जो निष्कर्ष काढला तोही नीट वाचला पाहिजे. अस्पृश्यांच्या वतीने अधिकाऱ्यांनीच राज्य करावे, अशी मागणी त्यांनी केली नाही. 1932 मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायतींचे विधेयक आले, तेव्हा त्यांचा हट्ट होता की त्या पंचायतींत अस्पृश्यांना राखीव जागा हव्यात. दालनातून हाकलले गेलेल्याने दालनच पाडा असे म्हटले नाही, आत जागा मागितली. 74व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना दिलेले आरक्षण, 2011 पासून महाराष्ट्रातील स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी असलेल्या निम्म्या जागा, हे त्या मागणीचेच पुढचे पाऊल आहे. प्रशासकाच्या काळात या सगळ्या जागा एकदम रिकाम्या झाल्या, ही गोष्ट बोलून दाखवली जात नाही. श्रीमंत माणसाचा अधिकाऱ्याच्या दालनात जाण्याचा रस्ता त्या काळातही मोकळा होता. झोपडपट्टीतल्या बाईचा रस्ता नगरसेविकेच्या घरावरून जात होता.

तिसरा प्रश्न आक्षेप म्हणून कमी आणि अडचण म्हणून जास्त खरा आहे: विचारायचे कोणाला? मुंबई पाणी पिते ते मुख्यतः तानसा, वैतरणा, भातसा यांचे. ही धरणे ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहे तिथल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईच्या पालिकेत त्यांना मत नाही. शहराने शहरापुरते ठरवायचे म्हटले तर हे लोक कायमचे बाहेर राहतात. माझे उत्तर असे की जो निर्णय ज्यांच्यापर्यंत पोचतो त्या सर्वांना सामावणाऱ्या सर्वांत लहान वर्तुळात तो व्हावा. गल्लीतल्या दिव्याला मंत्रालय नको, आणि भातसाच्या पाण्याला एकट्या मुंबईचे सभागृह पुरत नाही. घटनेने यासाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली आहे आणि तिचे दोन तृतीयांश सदस्य निवडलेले असावेत असे सांगितले आहे. ही समिती आपल्याकडे कागदाबाहेर फारशी आली नाही. नियोजनाचे मोठे निर्णय राज्य सरकारच्या हाताखालील प्राधिकरणेच घेतात. वांद्रे-कुर्ला संकुलात नियोजन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एमएमआरडीए) करते, झोपडपट्टी पुनर्वसन त्यासाठीचे प्राधिकरण (एसआरए) पाहते. मुंबईच्या मतदाराने निवडलेले नगरसेवक ज्याला निवडतात तो महापौर अडीच वर्षे पदावर असतो आणि त्याच्या हाती कार्यकारी अधिकार जवळजवळ नसतात.

मग लोक मतदानाला उदासीन असतात, असे आपण म्हणतो. 2012 मध्ये मुंबईत निम्म्याहून कमी मतदारांनी मतदान केले, हे खरे. पण हा आकडा मतदाराच्या आळसाचा मानण्याआधी त्याला काय दिले आहे ते पाहावे. महाराष्ट्रात 600 ते 1500 वस्तीच्या गावाला सात ग्रामपंचायत सदस्य मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त दोनशेच्या आसपास माणसांमागे एक, आणि वर ग्रामसभा असते जिथे प्रत्येक प्रौढ स्वतः बोलू शकतो. 2011 च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या 1,24,42,373 आणि नगरसेवक 227. म्हणजे पंचावन्न हजारांमागे एक. इतर महापालिकांत तर मतदाराला आपला नगरसेवक कोण हेच नक्की सांगता येत नाही. पुण्याचे पाहा: 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, 2007 मध्ये एक, 2012 मध्ये दोन, 2017 मध्ये चार. त्यानंतर राज्यातील सरकारांनी कायद्यात पुन्हा एक, मग तीन, मग परत चार असे फेरफार केले. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा हे 2016 मध्ये ठरले, 2020 मध्ये मोडले, 2022 मध्ये पुन्हा आले. यातल्या एकाही बदलाबद्दल त्या शहरांना विचारले गेले नाही. ज्या खेळाचे नियम प्रत्येक डावात बाहेरचा कोणीतरी बदलतो, त्यात रस कमी झाला तर दोष कोणाचा?

मागणी अशक्य काही नाही. बरीचशी कायद्यात लिहिलेली आहे. निवडणूक मुदतीआधी झालीच पाहिजे, हे 1993 पासून घटनेत आहे आणि 2006 मध्ये अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा ठणकावले आहे. प्रभागांच्या सीमा आणि सदस्यसंख्या ठरवण्याचे काम सत्तेवरच्या पक्षाकडून काढून पूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाकडे दिले, तर मुदत चुकवण्याचे मोठे निमित्त संपेल. आयुक्त दुबळा करावा असे मी म्हणत नाही. मेहतांप्रमाणे मलाही कारभार एकाच्या हाती असणे योग्य वाटते. 1888 च्या कायद्यात सभागृहाच्या पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर आयुक्ताला हटवावेच लागते, अशी तरतूद आहे; उत्तरदायित्व हे त्या कायद्याच्या हाडातच होते. आणि सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे क्षेत्रसभा. 2009 मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यांत दुरुस्ती होऊन प्रभागाचे लहान क्षेत्रांत विभाजन आणि प्रत्येक क्षेत्रातील मतदारांची सभा, नगरसेवकाच्या अध्यक्षतेखाली, अशी योजना आली. गावात जी ग्रामसभा आहे तिचे हे शहरी रूप. बहुतेक शहरांत ती कधी भरलीच नाही. नगरसेवकांनाही ती नको होती, आणि हे त्यांच्या बाजूने लिहितानाही सांगितले पाहिजे. पुण्यात 2006 पासून नागरिकांना अर्थसंकल्पात आपल्या भागातील छोटी कामे सुचवता येतात. रक्कम किरकोळ असते, पण पदपथ, बाक, दिवे या मागण्या नेमक्या असतात, आणि त्या करणारी माणसे कोणी राजकारणी नसतात.

जानेवारी 2026 मध्ये 29 महापालिकांत नवे सभागृह निवडले गेले आहे. वाचक या शहरांपैकी एकात राहत असेल तर त्याने आपल्या प्रभागातील नगरसेवकाला, चौघे असतील तर चौघांनाही, लेखी पत्र द्यावे आणि क्षेत्रसभा कधी बोलावणार ते विचारावे. पत्राची पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर सोसायटीतल्या, चाळीतल्या, वस्तीतल्या दहा जणांच्या सह्यांनी दुसरे पत्र द्यावे, आणि त्या दहांत घरकामाला येणारी बाई आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला असावेत, कारण बऱ्याचदा तेही त्याच प्रभागाचे मतदार असतात.